शेजवलकर थांबले, टाळ्या वाजल्या

“गप बसा गं दोघी! आला, आला, आला…” संग्राममामानं हात वर केला, तशी आई भेळ चावायची थांबली. शाल्मलीला तर वाटलं, पंखासुद्धा जरा दबकून फिरायला लागलाय.

पडद्यावर डिटेक्टिव्ह शेजवलकर धावत जिना चढून वर आले होते. समोर संशयित घामाघूम. शेजवलकरांनी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची ओढली, दोघांच्या मधोमध मांडली आणि रिकामीच ठेवली. ‘तिसरी खुर्ची’ ही मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही खुर्ची कुणाची ते सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्या बिचाऱ्यांसाठी सांगायचं तर, ती मेलेल्या माणसाची. ज्याचा खून झालाय त्याची. शेजवलकर संशयिताला कधी मारायचे नाहीत, दरडावायचे नाहीत. नुसती खुर्ची मांडायचे आणि बोलायला लागायचे. आणि बोलता बोलता, अगदी वाक्याच्या मध्यात, थांबायचे.

काय थांबायचे! टेबलाची कड घट्ट धरलेली, नजर भिंतीच्या पलीकडे कुठंतरी लागलेली, ओठ किंचित उघडे. त्या शांततेनंच खुनी निम्मा मरायचा. मग शेजवलकर एक खोल श्वास घ्यायचे, खुर्चीकडे बोट करायचे आणि म्हणायचे, “आता तुम्ही बोला. हा ऐकतोय.”

“वाऽऽ!” मामानं मांडीवर थाप मारली. “नाद खुळा! पंचेचाळीस वर्षं झाली, आहे का कुणाची हिंमत असं थांबायची?”

“चौथ्यांदा बघतोयस हा भाग. या महिन्यात,” आई म्हणाली.

“बापाला भेटायला मोजून जातात व्हय, आक्का?”

शेजवलकरांचं काम करणारा नट, दिनकर इंगवले, हा या दोघांचा बाप होता. चाळिसाव्या भागाचं चित्रीकरण चालू असताना तो जिन्यावरून कोसळला आणि गेला. आई तेव्हा पाच वर्षांची होती, मामा पाळण्यात. गावानं ठरवून टाकलं की नट प्यायलेला होता. मामाला वडील माहीत होते ते एवढेच, एकोणचाळीस भागांपुरते. आता मामा चव्वेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या बापापेक्षा तीन वर्षांनी मोठा. पण भाग सुरू झाला की तो असा काही मांडी घालून बसायचा की शाल्मलीला तोच सगळ्यांत लहान वाटायचा.

पडद्याच्या खालच्या कडेला एक हिरवी रेघ धडधडत होती. तो नाडीपट.

नाडीपट ही गोष्ट तशी साधी आहे. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यातून रक्ताची एक बारीक लाट जाते. रक्त हिरवा प्रकाश गिळतं, म्हणून त्या क्षणी आपला चेहरा जरासा कमी हिरवा होतो. डोळ्यांना हे कधीच दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. जुन्या टेपांवरचे रंग गढूळ असतात, त्यामुळे पूर्वी त्यातून काही निघत नसे. पण यंत्रं शिकली. गालावरचे हजारो ठिपके एकत्र करून, गढूळपणा गाळून, त्यातला ठोका वेचून काढायला शिकली. मग काय, धुमाकूळ! शेवटचं षटक टाकणाऱ्या बॉलरची नाडी पडद्यावर, भाषण देणाऱ्या उमेदवाराची नाडी पडद्यावर. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांनी गुपचूप नवऱ्या मुलाची नाडी बघितली आणि मुलाचा जीव मुलीच्या बहिणीत अडकलाय हे सगळ्यांना कळलं, तेव्हा सरकारला जाग आली. कायदा झाला: जिवंत माणसाची नाडी त्याच्या परवानगीशिवाय बघायची नाही. मेलेल्यांना मात्र कायदा नव्हता. म्हणून लोक जुन्या मालिकांवर तुटून पडले. कुठली नटी खरंच रडत होती, कुठला व्हिलन हिरोला टरकून होता, हे बघत रात्रीचं जेवण व्हायला लागलं.

फक्त शेजवलकर थांबले की रेघ पुसली जायची आणि तिथं अक्षरं यायची: ‘मेकअपमुळे नाडी मिळत नाही.’

“बघ, यंत्रालासुद्धा नट सापडत नाही,” मामा अभिमानानं म्हणाला आणि उठला. “चला. उद्याच्या कार्यक्रमाची खुर्ची वर आणतो, पुसायचीय.”

मामाचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता. खाली गोदामात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या माळा रचलेल्या असायच्या. गावातलं लग्न असो की बारावं, माणसं मामाच्याच खुर्चीवर बसायची. पण एक लाकडी खुर्ची कधीच भाड्यानं गेली नाही. ती मालिकेतली खरी तिसरी खुर्ची होती.

ती खांद्यावर घेऊन मामा जिना धडाधड चढून आला. “उद्या सगळं कोल्हापूर…” म्हणाला आणि मध्येच थांबला. एक हात दाराच्या चौकटीवर. नजर लांब. ओठ किंचित उघडे.

“शेजवलकर थांबले!” आई हसून ओरडली आणि घरातल्या रिवाजाप्रमाणे दोघींनी टाळ्या वाजवल्या.

मामानं खोल श्वास घेतला, घाम पुसला आणि हसला. “रक्तात आहे, आक्का.”

शाल्मलीही हसली. पण तिचे हात अजून एकमेकांवर होते तोवरच तिच्या डोक्यात काहीतरी खट्टकन वाजलं. मामा आत्ता अभिनय करत नव्हता. मग थांबला कशाला?

*

सकाळी दात न घासताच ती कॉम्प्युटरला चिकटली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं जिल्ह्यात पहिला नंबर काढला होता तो ‘कानपकड’ या प्रोग्रॅमसाठी. आयडिया एका ओळीची: गालाला, कपाळाला, मानेला सगळे मेकअप थापतात, पण कानाच्या पाळीला कोण लावतो? म्हणून नाडी कानातून काढायची. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हात वर करायला लाजायची. आता परीक्षकांशी वाद घालून आली होती.

तिनं कालचाच भाग लावला आणि शेजवलकरांचा डावा कान पकडला.

रेघ उमटली. जिना चढताना जलद, पण नीट. खुर्ची ओढताना आणखी जलद. मग ते बोलायला लागले आणि रेघ वेडी झाली. एक ठोका उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका, जणू दोन माणसं एकाच छातीत भांडतायत. आणि शेजवलकर थांबले तशी रेघ आडवी झाली.

अगदी आडवी. कॅरमबोर्डवर ठेवलेल्या पट्टीसारखी.

मग एक उसळी. खोल श्वास. “आता तुम्ही बोला. हा ऐकतोय.”

“माझ्या कोडमध्ये घोळ आहे,” शाल्मली स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाली. त्याच दृश्यातल्या संशयिताचा कान तिनं पकडला. त्याची रेघ शहाण्या मुलासारखी टकटक चालली होती. कोडमध्ये घोळ नव्हता.

तिनं दुसरा भाग लावला. पाचवा. अकरावा. प्रत्येक थांबण्यात तेच. आणि मग तिला एक वेगळीच गोष्ट दिसली. सतराव्या भागात शेजवलकर पाय मोडून घरीच बसलेले असतात, खुर्चीवरून न उठता केस सोडवतात. त्या भागात ते एकदाही थांबत नाहीत. जिथं जिना, पाठलाग किंवा संताप, तिथंच थांबणं. एवढी वर्षं लोकांनी या थांबण्यावर लेख लिहिले, नक्कल केली, स्पर्धा घेतल्या. आणि आजोबा थांबत नव्हतेच. त्यांचं हृदय थांबत होतं, आणि ते कसेबसे शुद्धीवर राहून टेबलाची कड धरत होते.

“आई!” तिचा आवाज चिरकला. “आई, ये इकडं!”

आईनं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायच्या ऐवजी तिनं फोन उचलला. डॉ. फरीदा मुल्ला तिची शाळेतली मैत्रीण होती आणि आता हृदयाची डॉक्टर. रेघ पाठवल्यावर दोन मिनिटांत तिचा चेहरा समोर आला.

“ही कुणाची?”

“बाबांची.”

“अगं मग…” फरीदामावशी थबकली. “हे हृदयाचं दुखणं घराण्यात उतरतं. दमल्यावर, चिडल्यावर, घाबरल्यावर उचल खातं. साध्या ईसीजीत कधीकधी काही सापडतही नाही. तुमच्यापैकी कुणाला चक्कर येते? धावल्यावर डोळ्यांपुढं अंधार?”

आई शाल्मलीकडे वळली.

“मामाला,” शाल्मली म्हणाली. “आम्ही टाळ्या वाजवतो.”

“आज त्याला जिना चढू देऊ नका,” मावशी म्हणाली. “धावू देऊ नका. लगेच आणा माझ्याकडे.”

पण मामा पहाटेच नाट्यगृहावर गेला होता. त्याचा फोन बंद. आणि तिथं त्यानंच, स्वतःच्या माणसांकडून, लाकडी जिना बांधून घेतला होता.

*

‘तिसरी खुर्ची’ रसिक मंडळाचा सोहळा अकराला सुरू होणार होता. आधी निवडक भाग नाडीपटासकट मोठ्या पडद्यावर, आणि शेवटी रंगमंचावर प्रत्यक्ष प्रवेश: शेजवलकरांच्या भूमिकेत त्यांचे चिरंजीव संग्राम इंगवले. पडद्याचं काम शाल्मलीकडे होतं. त्या मायलेकी रिक्षातून उतरून धावतच मेकअप रूममध्ये घुसल्या.

मामा आरशापुढे बसला होता. तपकिरी कोट, मधोमध भांग. पडद्यातला माणूस उठून इथं येऊन बसला होता.

“मामा, तू जिना चढायचा नाहीस.”

“का गं? मोडकाय? मी स्वतः बांधून घेतलाय.”

तिनं टॅबलेट त्याच्यापुढं धरला. भडाभडा सगळं सांगितलं. सतरावा भाग, कान, आडवी रेघ. मामा बघत राहिला. एकदा त्याचा हात रेघेकडे गेला आणि न टेकताच परत आला.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “माझ्या बापाचा अभिनय खोटा. एवढंच ना?”

“मामा!”

“संग्राम, ऐक तिचं,” आई म्हणाली. “फरीदा निघालीय. नुसतं खुर्चीवर बसून संवाद म्हण. लोकांना काय कळतंय?”

“आक्का, सगळ्यांच्या कार्यक्रमाला मीच खुर्च्या मांडल्या. बसलो कधी? लोक म्हणतात, दिनकररावांचा पोरगा, पण बापाचं काय नाही त्याच्यात. एक ते थांबणं तेवढं आहे. आणि ही म्हणती, तोपण रोग!” त्यानं कोटाचं बटण लावलं. “आज चढणार मी. उद्या तुझ्या डॉक्टरीणबाईकडं येतो. शप्पथ.”

“मग निदान मला तुझी नाडी बघू दे. परवानगी दे,” शाल्मली म्हणाली.

“नाही. माझ्या काळजात तुझं काय काम? कॅमेरा लावलास तर शालू, जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.”

दारात पोतनीसकाका उभे होते. मंडळाचे अध्यक्ष. एकोणचाळीसही भागांचे संवाद त्यांना तोंडपाठ होते आणि ते न विचारताही म्हणून दाखवायचे. शाल्मलीनं त्यांचा हात धरून विनवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं.

“बाळ, तुझ्या आजोबांच्या त्या विरामावर मी तीन व्याख्यानं दिली आहेत. ती साधना होती, साधना! कानाच्या पाळीत सापडायची गोष्ट नव्हे ती.”

*

पडदा वर गेला तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं. जागा नाही म्हणून बायका वाटेत बसल्या होत्या. सगळ्यात मागच्या कठड्याशी, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी शाल्मली उभी. तिनं आईला दाराजवळच्या भिंतीशी उभं केलं होतं. तिथं लाल काचेच्या कप्प्यात झटक्याची पेटी होती, बंद पडलेलं हृदय विजेनं पुन्हा सुरू करणारी. नियमच झाल्यामुळे आता प्रत्येक सभागृहात असायची आणि कुणी तिच्याकडे बघायचं नाही.

रंगमंचावरचा कॅमेरा मामावर रोखलेला होता, मागच्या रांगांना चेहरा दिसावा म्हणून. त्याच चित्रावर ‘कानपकड’ लावायला एक बटण पुरे होतं. तिनं ते तयार ठेवलं होतं आणि बोट त्यापासून लांब ठेवलं होतं. जन्मात बोलणार नाही, असं मामा गमतीत कधी म्हणत नाही. शिवाय कायदा होता. राज्य पातळीचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात, तिथं असल्या मुलीला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. पण खरं सांगायचं तर तिला भीती मामाचीच होती.

मामा धावत आला. जिना दणाणला. एक वळण, दुसरं वळण, कोट उडतोय, लोक शिट्ट्या मारतायत. तो वर पोचला. खुर्ची ओढली. पाय लाकडावर करकरले आणि शेकडो माणसांनी श्वास रोखला.

“त्या रात्री तुम्ही बंगल्यात नव्हता असं म्हणता,” मामा बोलायला लागला. काय आवाज लागला होता! “पण बंगल्यातल्या घड्याळाला किल्ली…”

आणि शेजवलकर थांबले.

हात टेबलाच्या कडेवर. नजर लांब. ओठ किंचित उघडे.

पोतनीसकाका पहिल्या रांगेत उभे राहिले आणि टाळी वाजवली. मग दुसरी रांग. मग सगळं सभागृह. छत फुटेल असा कडकडाट. “वाऽऽ! सेम टू सेम!” “बापाचा बेटा!”

शाल्मलीनं वाट बघितली त्या खोल श्वासाची. तो आला नाही. आता येईल. आता. मामाची बोटं टेबलावरून एकेक करून निसटत होती आणि टाळ्या वाढत होत्या. ती ओरडली. शेजारच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नाही.

तिनं बटण दाबलं.

मोठ्या पडद्यावर मामाचा चेहरा आला आणि त्याच्या खाली हिरवी रेघ. आडवी. सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी. वरच्या कोपऱ्यात अक्षरं: ‘जिवंत चित्र. नाडी नाही.’

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पाऊस ओसरतो तशा विरळ होत गेल्या. पोतनीसकाकांचे हात हवेत तसेच राहिले. त्या शांततेत मामा खुर्चीला घेऊन खाली कोसळला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

“आई, पेटी!”

शाल्मली वाटेतल्या बायकांच्या अंगावरून पळाली. “ए पोरी!” “अगं नाटकातलं आहे ते!” “नाटकातलं नाही!” ती जिना चढली, तोच जिना, मामाच्या छातीवर दोन्ही तळवे टेकवले आणि शाळेत गोणपाटाच्या बाहुल्यावर शिकवलं होतं तसं सगळं वजन टाकून दाबायला लागली. शाळेत सगळ्या जणी खिदळल्या होत्या. बाहुला इतका गरम नव्हता. “मामा, ऊठ. मामा, मी बघितली नाडी, ऊठ आणि बोलू नकोस माझ्याशी, चालेल मला, ऊठ!”

पेटी घेऊन वर आले ते पोतनीसकाका. आईच्या हातून त्यांनी ती ओढूनच घेतली होती. सत्तरीचा माणूस, धापा टाकत, चष्मा गळ्यात लोंबत. आईनं कोट फाडला, पट्ट्या चिकटवल्या. पेटी शांत बाईच्या आवाजात म्हणाली, “बाजूला व्हा. झटका देत आहे.”

मामाचं अंग उडालं.

शाल्मलीनं मामाकडे बघितलंच नाही. तिनं मान मागं वळवून पडद्याकडे बघितलं, कारण सगळं सभागृह तिकडंच बघत होतं. कॅमेरा पडलेल्या मामाच्या चेहऱ्यावर वळला होता. रेघ आडवी होती. आडवी. मग रेघेला एक टेंगूळ आलं. मग आणखी एक.

कुणीही टाळी वाजवली नाही. मागच्या दारातून फरीदामावशी धावत येत होती आणि तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

*

आठवड्यानं मामाला खाटेवर टेकून बसायची परवानगी मिळाली. गळ्याजवळच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं, पुन्हा तसं झालं तर आतल्या आत झटका देणारं. आईची आणि शाल्मलीची तपासणीही झाली होती. आईत काही निघालं नाही. त्यामुळे शाल्मलीत ते उतरायचा रस्ताच बंद होता, असं मावशीनं समजावलं, तेव्हा आई बाहेर जाऊन रडून आली.

मामा अजून शाल्मलीशी बोलला नव्हता. नळ्या होत्या, गुंगी होती, हे खरं. पण आज नळ्या नव्हत्या.

ती दारातच घुटमळली. “परवानगीशिवाय बघितली,” ती म्हणाली. “तू नाही म्हटलं होतंस.”

“केस टाकणार आहे मी तुझ्यावर,” मामा छताकडे बघत म्हणाला. “पोतनीस साक्षीदार. वकील बघून ठेव.”

मग त्यानं हात पुढं केला आणि ती तशीच धावत जाऊन त्याच्या उशीत तोंड खुपसून भोकाड पसरून रडली.

“अगं हळू, शंभर टाके आहेत मला.”

“चार आहेत,” आई म्हणाली.

“चाळिसावा भाग आणलायस?” मामानं विचारलं.

आणला होता. तो कधी दाखवला गेला नव्हता. अर्धाच होता, आणि त्याची एकमेव प्रत आईच्या कपाटात साड्यांखाली होती. दारू प्यायलेला बाप धाकट्या भावानं कशाला बघायचा, म्हणून. शाल्मलीनं टॅबलेट खाटेवर उभा केला आणि आजोबांचा कान पकडला.

आजोबा जिना चढत होते. पाय सरळ पडत होते. शब्द स्वच्छ होते. हिरवी रेघ त्यांच्याबरोबर चढत होती, आणि मग तीच ती, उंच, बुटकी, उंच, बुटकी. प्यायलेल्या माणसाची चाल नव्हती ती. आईनं पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात नर्स आत आली. खाटेजवळ दोन खुर्च्या होत्या, मायलेकींच्या. तिसरी मोकळी होती. “ही बाजूच्या खोलीत नेऊ का? तिकडं पाहुणे उभे आहेत.”

“नको, सिस्टर,” मामा म्हणाला. “तिथं माणूस बसलाय.”

नर्सनं खुर्चीकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि ताप तपासायला हवा असा चेहरा केला. मामानं तिला बोटानं गप्प राहायची खूण केली. पडद्यावर दिनकर इंगवले जिन्याचा कठडा धरत होते.

“इतकी वर्षं आपण बोललो,” मामा म्हणाला. “आता जरा ऐका. तो सांगतोय.”